घर दादाचे, सही माझी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावात बदल यांच्या शेजारी, बारीक टाइपात एक जाहीर नोटीस अधूनमधून येते. तमाम लोकांस कळविण्यात येते की, आमच्या अशिलाने आपल्या भावास अमुक साली लिहून दिलेले कुलमुखत्यारपत्र रद्द केले आहे. त्याच्या आधारे कोणी व्यवहार केल्यास तो आमच्या अशिलावर बंधनकारक राहणार नाही. खाली वकिलाचे नाव, पत्ता, तारीख. चहा पिता पिता आपण ते पान उलटतो. मी मात्र गेली काही वर्षे या नोटिसा थांबून वाचतो. दोन नावे आणि आडनाव एकच दिसले की त्या चार ओळींमागे काय काय घडले असेल, याचा अंदाज येऊ लागतो. कारण २०१८ साली मी स्वतः एक मुखत्यार झालो होतो. माझ्या थोरल्या भावाचा.

दादा १९९१ साली अमेरिकेला गेला. न्यू जर्सीत स्थिरावला, मुले तिथलीच झाली. साठीच्या उंबरठ्यावर त्याला पुण्यात घर असावे असे वाटू लागले. त्यात नवल काही नाही. कोकणातला चाकरमानी गिरणगावातल्या खोलीत आयुष्य काढायचा, पण मन गावच्या घराच्या पडवीतच असायचे. अंतर वाढले, विमान आले, एवढाच फरक. चाकरमान्याचे घर भाऊबंद सांभाळत आणि सातबाऱ्यावरून भांडणेही होत. आमच्या दादाचे घर सांभाळणे सोडाच, ते मुळात विकत घेण्याचेच काम माझ्याकडे आले.

"तू आहेस ना तिथे," तो फोनवर म्हणाला, "मग मी कशाला येऊ? सुट्ट्या तरी कुठायत? कागद पाठवतो, तू सह्या कर."

मग कागद आला. आधी ईमेलवर, मसुदा म्हणून. त्याच्या कुठल्याशा मित्राने अहमदाबादेत फ्लॅट घेताना वापरलेला. अकरा पाने. माझ्या वतीने माझ्या भावाने स्थावर व जंगम मालमत्ता खरेदी करावी, विकावी, गहाण ठेवावी, भाड्याने द्यावी, बक्षीस द्यावी, बँकेत खाती उघडावीत, बंद करावीत, दावे लावावेत, तडजोडी कराव्यात. वाचताना छाती फुगली, हे खोटे कशाला सांगू? भावाचा आपल्यावर एवढा विश्वास!

आमच्या ओळखीच्या वकीलबाईंनी ती अकरा पाने वाचली आणि लाल पेन काढले.

"भाऊ घर घेतायत ना?"

"हो."

"मग विकायचा अधिकार कशाला? गहाण ठेवायचा कशाला?"

मी म्हटले, "असू दे की. भावाभावांचंच आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "भावाभावांचं आहे म्हणूनच म्हणते."

मला ते लागले, हे कबूल केले पाहिजे. मी काय दादाचे घर विकून खाणार होतो? अकरा पानांची साडेतीन पाने झाली. वरचे शीर्षकही बदलले. कुलमुखत्यारपत्राचे विशेष मुखत्यारपत्र झाले. घरी येऊन मी बायकोजवळ कुरकुरलो. ती म्हणाली, "बरं झालं. उद्या वहिनींनी विचारलं तर दाखवायला होईल." बायका अशा गोष्टी दोन पावले पुढून पाहतात.

त्या 'कुल' शब्दाची एक गंमत आहे. आपल्याला वाटते, तो आपला संस्कृत 'कुल', म्हणजे घराणे. कुलदैवत, कुलवृत्तान्त, तसा कुलमुखत्यार; घरातला, कुळातला विश्वासू माणूस. प्रत्यक्षात हा 'कुल' अरबीतून आला आहे आणि त्याचा अर्थ 'सर्व', 'एकूण'. 'मुखत्यार'ही अरबीच, निवडलेला, अखत्यार असलेला. तेव्हा कुलमुखत्यार म्हणजे सर्वाधिकारी. कुळाशी त्याचा संबंध नाही. पण बहुतेक घरांत हा कागद पहिल्या अर्थाने लिहिला जातो आणि भांडण होते ते दुसऱ्या अर्थावरून.

सरकारचीही काहीशी तशीच समजूत दिसते. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्याप्रमाणे, मालमत्ता विकण्याचा अधिकार देणारा कागद मोबदला न घेता आईवडील, भाऊबहीण, नवराबायको अशा जवळच्या नात्यात दिला तर किरकोळ मुद्रांक पुरतो. तोच कागद परक्या माणसाला दिला, तर जवळजवळ विक्रीच झाली असे धरून खरेदीखताइतके शुल्क भरावे लागते. म्हणजे नात्यात दिलेल्या अधिकाराबद्दल सरकारलाही शंका नाही!

आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाने या भरवशाची किंमत मोजली. बहीण आखातात नर्स. ठाण्याला फ्लॅट घ्यायचा म्हणून तिने धाकट्या भावाला असाच सर्वाधिकाराचा कागद दिला. फ्लॅट झाला, कागद तसाच राहिला. कागदाला मुदत नव्हती आणि काम संपल्यावर तो परत घ्यायचा असतो हे कोणाला सुचले नाही. सहा वर्षांनी भावाचा धंदा अडचणीत आला. त्याने फ्लॅट गहाण ठेवून कर्ज काढले. आपण दोन वर्षांत फेडू, ताईला कळायच्या आत, असे त्याला खरोखरच वाटत होते. बहिणीला कळले ते दारावर बँकेची नोटीस चिकटल्यावर, तेही शेजाऱ्यांनी फोटो पाठवला म्हणून. कर्ज देणाऱ्यांनी कागद तपासला होता. गहाण ठेवण्याचा अधिकार त्यात स्वच्छ लिहिलेला होता. ती रडत विचारायची, "मी असं कधी लिहिलं?" तिनेच लिहिले होते. तिसऱ्या पानावर, सोळाव्या कलमात. त्यांची आई आता एका मुलाच्या घरी राहते आणि मुलीचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलते.

हे ऐकल्यावर वकीलबाईंच्या लाल पेनाचा राग माझ्या मनातून गेला. त्यांनी माझा अधिकार कमी केला असे मी समजत होतो. खरे तर पुढे कधी माझ्यावर एखादी अडचणीची वेळ आली असती, तर त्या वेळच्या माझ्यापासून त्यांनी मला वाचवले होते.

अर्थात कागद आखूड करायचा म्हणजे अर्धवट करायचा नव्हे. तोही घोळ पाहिला आहे. एका गृहस्थांच्या मुलाने कॅनडातून पाठवलेल्या कागदात फ्लॅटचा क्रमांक घातला होता. ऐन वेळी बिल्डरने शेजारचा फ्लॅट दिला आणि मग नवा कागद, नवी नोटरी, नवे कुरियर, दोन महिने गेले. आमच्या साडेतीन पानांत प्रकल्पाचे नाव, इमारत आणि "किंवा त्याच इमारतीतील अन्य सदनिका" असे शब्द होते. करारनाम्यावर सही करणे, दुय्यम निबंधकांपुढे तो नोंदवणे, भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर ताबा घेणे, वीजमीटर आणि मिळकतकर दादाच्या नावावर करून घेणे, सोसायटीचा अर्ज भरणे. एवढेच. आणि मुदत चार वर्षे.

पैशाला तर मी हात लावायचाच नव्हता. हा वकीलबाईंचा दुसरा आग्रह. दादा म्हणत होता, तुझ्या खात्यावर टाकतो, तू चेक देत जा. परदेशी राहणाऱ्या भारतीयाने इथे घर घेण्याला १९९९च्या फेमा कायद्याखाली मोकळीक आहे, पण पैसा बँकेमार्फत यायला हवा. थेट परदेशातून, किंवा त्याच्या अनिवासी खात्यातून. डॉलरच्या नोटा किंवा प्रवासी धनादेश चालत नाहीत. दादाच्या खात्यातून थेट प्रकल्पाच्या खात्यात पैसे गेले, की पुढे कधी घर विकून रक्कम परत न्यायची झाली तर माग स्वच्छ राहतो. आणि माझ्या खात्यात अचानक तीस लाख कुठून आले, हे मला कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्याहूनही मोठी गोष्ट अशी, की हिशेबच नाही तर हिशेबावरून कुरबुरही नाही.

मध्येच दादाच्या डोक्यात मुळशीकडची शेतजमीन आली होती. फार्महाऊस, आंब्याची झाडे, मागे डोंगर. परदेशस्थ भारतीयांना शेतजमीन, मळे किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मिळाली तर गोष्ट वेगळी. "मग तुझ्या नावावर घेऊ," दादा म्हणाला. मी शेतकरी नाही, त्यामुळे या राज्यात मलाही ती घेता येत नाही. आणि पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचे हा बेनामी व्यवहार. २०१६च्या दुरुस्तीनंतर तो कायदा चांगलाच कडक झाला आहे. भावाचे नाव सहमालक म्हणून घालून, उघड पैशाने घेतलेली मालमत्ता त्यातून सुटते. नुसत्या भावाच्या नावावर घेतलेली सुटत नाही. आंब्याची झाडे राहिली.

कागद पक्का झाल्यावर त्याचा प्रवास सुरू झाला. दादाने तो तिथल्या नोटरीसमोर सही केला. परदेशात केलेले मुखत्यारपत्र नोटरी, न्यायाधीश किंवा भारतीय वकिलातीतील अधिकारी यांच्यापुढे झालेले असावे, असे १९०८चा नोंदणी कायदा सांगतो. त्यावर त्याने तिथल्या राज्य सरकारची अपॉस्टिलची मोहोर घेतली. १९६१च्या हेग करारातली ही सोय भारतात जुलै २००५ पासून लागू आहे; मोहोर असली की नोटरी खरी की खोटी हा प्रश्न उरत नाही. कुरियर पुण्यात आले. वकीलबाई म्हणाल्या, पाकीट फेकू नका. मला वाटले तिकिटे जमवत असतील. पण परदेशात झालेला कागद राज्यात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचे मुद्रांक शुल्क भरायचे असते आणि कागद कधी आला याचा पुरावा म्हणजे ते पाकीट. ते अजून फाइलीत आहे.

घर पाहण्याचे काम त्या मानाने आनंदाचे. रविवारी सकाळी आम्ही दोघे निघायचो. नमुना सदनिकेत सगळीच घरे सुंदर दिसतात. पलंग जरा आखूड बनवलेले असतात, म्हणजे खोली मोठी वाटते. हे माझे निरीक्षण, सिद्ध करता येणार नाही. महारेरा १ मे २०१७ पासून आले, त्यामुळे प्रकल्पाची नोंदणी, मंजूर नकाशे, जमिनीच्या हक्काचा वकिलाचा दाखला, चालू खटले हे दादाला एडिसनमध्ये बसून दिसत होते. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही त्याला पाठ झाले होते. एका ठिकाणी विक्रीच्या टेबलावरच्या तरुणाने, "सर, भाऊ एनआरआय आहेत तर आत्ता चाळीस टक्के भरून टाका, रेट धरून ठेवतो," असे म्हटल्यावर आम्ही चहा संपवून उठलो.

आणखी एक जुना फ्लॅट फार आवडला होता. झाडी, मोठा ओटा, पूर्वेची खिडकी. पण विकणाराही मुखत्यारच होता! मालक परदेशी, मुखत्यारपत्र जुने, नोंदवलेले नाही, आणि मालकाशी बोलणे करून द्यायला तो तयार नाही. नुसते मुखत्यारपत्र, साठेकरार आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर मालकी बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्वच्छ सांगितले आहे. आपल्या माणसाला खरेदीखत करून देण्यासाठी दिलेल्या खऱ्या मुखत्यारपत्राला त्या निकालाने हात लावलेला नाही. पण ते खरे आहे की नाही, हे मालकाशी बोलल्याशिवाय कसे कळणार? बायको त्या ओट्याची आठवण अजून काढते.

शेवटी वारज्याजवळ, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट ठरला. बाल्कनीतून टेकडी दिसायची. व्हिडिओवर दादाला दाखवली.

ऑगस्ट २०१८. नोंदणीचा दिवस. ज्यांनी दुय्यम निबंधक कार्यालय पाहिले आहे त्यांना वर्णन नको. प्लास्टिकच्या खुर्च्या, टोकन, हातात फायली घेतलेले एजंट, नवी साडी नेसून आलेली एखादी सासू आणि सर्व्हर बंद. मी दोन ओळखदार घेऊन सकाळी दहाला गेलो. एक शेजारी, एक ऑफिसातला सहकारी. साडेबारा वाजत आले, तेव्हा वकीलबाईंच्या सहायकाने एक छापील कागद पुढे केला. मुखत्यारधारकाचे घोषणापत्र. "इथे सही करा, सर."

मी वाचायला लागलो. मुखत्यारपत्र लिहून देणाऱ्याने ते रद्द केलेले नाही. लिहून देणारा मयत झालेला नाही. हे खोटे निघाल्यास शिक्षेस मी पात्र राहीन.

पेन थांबले. दादाशी माझे शेवटचे बोलणे नऊ दिवसांपूर्वी झाले होते. मधल्या काळात दोन ईमेल, तेही बिल्डरच्या हप्त्यांबद्दल. इतके महिने आम्ही रोज बोलत होतो. कार्पेट एरिया, पार्किंग, टीडीएस. तुझी साखर कशी आहे, हे मी विचारले नव्हते. त्याला मधुमेह आहे.

देणारा माणूस गेला की मुखत्यारी संपते. १८७२चा करार कायदा तसे सांगतो. हे मला माहीत होते, कलम म्हणून. डोंबिवलीच्या एका काकांवर ती वेळ पुढे खरीच आली. पुतण्या कतारला, काका मुखत्यार, खरेदीखत दोन दिवसांवर, आणि पुतण्या रस्त्यावरच्या अपघातात गेला. मध्यस्थ म्हणाला, "काका, परवा सही करून टाका, इथे कोणाला कळतंय?" काकांनी सही केली नाही. सुनेला वारस म्हणून कागद गोळा करून तोच व्यवहार पुरा करायला सव्वा वर्ष लागले आणि बोलणी काकांनाच खावी लागली. पण ते २०२१ साली. त्या दिवशी माझ्यासमोर नुसता एक छापील कागद होता.

"सर, टोकन आलंय."

"एक मिनिट," म्हणून मी बाहेर व्हरांड्यात आलो आणि फोन लावला. न्यू जर्सीत रात्रीचे तीन वाजले होते. चार वेळा घंटा वाजली.

"काय झालं?" दादाचा आवाज. "आई बरी आहे ना?"

मला एकदम लक्षात आले, मी काय केले ते. परदेशातल्या माणसाला रात्री तीनला भारतातून फोन येतो, तो एकाच कारणासाठी. गेली सत्तावीस वर्षे तो त्या फोनची वाट पाहत असणार.

"आई ठणठणीत आहे. तू बरा आहेस ना?"

"मी? झोपलोय मी. का रे?"

"काही नाही. सही करायची होती. इथे लिहून द्यायचंय, तू आहेस म्हणून."

क्षणभर तो बोलला नाही. मग हसला. "आहे. लिही."

मागून वहिनींचा आवाज आला, "कोणाचा फोन? आई?" मी आत जाऊन सही केली. कॅमेऱ्यासमोर बसलो, यंत्रावर अंगठा ठेवला. पडद्यावर खरेदीदार म्हणून दादाचे नाव आणि त्याच्याखाली माझे तोंड. आमच्यात तसे साम्य आहे.

पुढची तीन वर्षे मुखत्यारीच्या त्या बाजूत गेली, जिचा उल्लेख कोणत्याही कागदात नसतो. पहाटे सहाला फोन: लिफ्ट कोणत्या कंपनीची आहे? स्लॅब पडला का? फोटो का नाही पाठवलास? माझ्या रजा संपत गेल्या. आमच्या घरातली गळकी टाकी तशीच राहिली. "भावाचे मुखत्यार आहात, आपल्या घराचेही व्हा कधीतरी," हे वाक्य मी बरेचदा ऐकले. दादाने एकदा विचारले होते, तुझा काही खर्च होत असेल तर सांग. मी म्हटले, छे. हे 'छे' म्हणणे चुकीचे होते असे आता वाटते. रिक्षाचे, झेरॉक्सचे, कुरियरचे पैसे महिन्याच्या महिन्याला लिहून पाठवले असते, तर ते मनात साठले नसते. पैसे दिले की उपकार उरत नाहीत, म्हणून आपण घेत नाही. आणि मग उपकार तेवढे लक्षात ठेवतो.

करोनाने काम लांबले. ताबा २०२१च्या ऑक्टोबरात मिळाला. चार वर्षांची मुदत पुढच्या वर्षी संपली. नवा कागद करायची गरज पडली नाही.

दादा आणि वहिनी डिसेंबर २०२२मध्ये आले. किल्ली मी दादाच्या हातात दिली. दार त्यानेच उघडले. बूट काढून तो सरळ बाल्कनीत गेला. टेकडीच्या अर्ध्या भागापुढे आता एक बावीस मजली इमारत उभी राहत होती. मी त्याला फोनवर सांगितले होते, दोनदा. तो बराच वेळ उभा राहिला.

"व्हिडिओत मोठी वाटली होती," तो म्हणाला. खोलीबद्दल की टेकडीबद्दल, ते मी विचारले नाही.

स्वयंपाकघरातून वहिनींनी हाक मारली. नळाला गढूळ पाणी येत होते. मी म्हटले, "थोडं वाहू द्या. मी महिन्यातून एकदा येऊन सोडतो, या महिन्यात राहिलं." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. दर महिन्याला कोणीतरी येऊन रिकाम्या घराचे नळ सोडत होते, हे त्यांना माहीत नव्हते. मीही कधी सांगितले नव्हते.

संध्याकाळी चहा घेताना दादा म्हणाला, "बंद ठेवून खराब होईल. भाड्याने देऊ या. पुन्हा तुझ्याच नावाने कागद करायचा का?"

बायकोने कपबश्या उचलता उचलता माझ्याकडे पाहिले.

"मुदत किती?" मी विचारले.

"तू सांग."

मी अकरा महिने सांगितली.